कावळा कुणाचं ऐकून आला?

सांगली
९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय आबा,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही सीमेवर असताना माझा एखादा रविवार चुकला, तर उत्तरात तुमची पहिली ओळ ठरलेली असायची, ‘पत्र नाही, तब्येत बरी आहे ना?’ आता तुम्हाला जाऊन पाच महिने होत आले आणि माझी एक ओळ नाही. डायरी लिहिते, पण तिच्यात तुम्हाला ‘ते’ म्हणते. ‘तुम्ही’ लिहायचा धीर होत नव्हता.

आज लिहायला बसले, कारण खाटेवर बॅग भरून ठेवली आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय तिची चेन ओढायला हात जात नाही.

आफ्रिकेत, मलावीला जायचं ते मिशन तुम्हाला आठवतं ना? आमच्या डॉक्टरीणबाई डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी तिकडे पथक घेऊन जाणार, दीड महिना, आणि थिएटर सिस्टर म्हणून मी. कुंडलला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होता. तुम्ही फौजी माणूस, मिशन म्हटल्यावर तुमचा पहिला प्रश्न, “दुश्मन कोन हाय तितं?”

“मोतीबिंदू, आबा.”

“मग लय जुना दुश्मन हाय. माझ्याबी दोन्ही डोळ्यांत हुता की.” असं म्हणून हसलात, आणि पुढे फक्त ‘बघू’ म्हणालात. आई मात्र चुलीपुढूनच ओरडली होती, “न्हाई! एकाची वाट बगून निम्मा जलम गेला माझा. आता दुसऱ्याची न्हाई बगायची मी.”

तुमचं ‘बघू’ तसंच राहिलं, आबा. हो की नाही, सांगून का गेला नाहीत? तुमच्या पत्रांतही हेच! ‘मी येथे ठीक आहे. काळजी नसावी.’ मी आईला वाचून दाखवायचे. ती म्हणायची, “ठीक म्हंजी काय? जेवला का? झोप लागती का? मागनं वाच की.” मी कागद उलटा करून दाखवायचे. मागे काही नसायचं.

मग तुमचं दहावं झालं. कृष्णेच्या घाटावर ऊन तापलेलं. पिंड मांडले, तुमच्या आवडीचा चहा ठेवला, पेढा ठेवला. समोरच्या चिंचेवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ! भावकी ताटकळली. तात्याकाका म्हणाले, “बशीत वता रं च्या. दादा कवा कपानं प्यायचा?” चहा बशीत ओतला. तरी नाही. शेवटी तात्याच म्हणाले, “मनात कायतरी ऱ्हायलंय त्याच्या. बोला कुनीतरी.”

लेक म्हणून सगळे संभाकडे बघायला लागले. तो बिचारा हात जोडून पुढे झाला. “आबा, आईला अंतर देनार न्हाई.” कावळे जागेवर. “आबा, तुमी लावलेली नारळाची झाडं तोडनार न्हाई.” काही नाही. मग त्याने वळून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, “आबा, आक्काला परदेशी पाठवनार न्हाई!”

आणि आला की हो कावळा! सरळ पिंडावर. “शिवला! शिवला!” म्हणत लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “बगा, पोरीतच जीव अडकला हुता,” असं कुणीतरी म्हणालं. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुमचीच लेक!

मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण विश्वास नाही म्हणून तो डोळ्यांपुढून जातो, असं थोडंच आहे? डॉक्टरीणबाईंना मी ‘जमणार नाही’ असं कळवलं. त्यांनी नाव खोडलं नाही. म्हणाल्या, “सिस्टर, तिकिटं निघेपर्यंत वेळ आहे. बॅग भरून बघा, मग सांगा.”

म्हणून गेल्या आठवड्यापासून बॅग भरून बघते आहे. जायचं ठरवलेलं नाही आणि मोजे मात्र घेतले! तळाशी इथलं वर्तमानपत्र अंथरलं. तुम्ही ट्रंकेत अंथरायचात आणि चार महिन्यांनी तिकडे तेच काढून वाचायचात ना, सांगलीच्या बाजारातला हळदीचा भाव, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं! त्यावर थिएटरचे कपडे, औषधं, पाणी गाळायचं फडकं. एकेक वस्तू ठेवताना स्वतःला विचारते, मनीषा, तू खरंच कुणाच्या डोळ्यांसाठी चालली आहेस? की ‘आमच्या सिस्टर आफ्रिकेला जाऊन आल्या’ असं लोकांनी म्हणावं म्हणून? आपल्याच पलूस तालुक्यात किती म्हातारी माणसं भिंत चाचपत चालतात. त्यांना सोडून एवढ्या लांब कशाला?

पण त्यांच्यासाठी इथे दवाखाना आहे, मी नसले तर दुसरी सिस्टर उभी राहील. तिकडे शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी राहणारी माणसंच कमी आहेत, असं बाई सांगतात. आणि मला तुमच्या शस्त्रक्रियेचा तो दिवस आठवतो. टेबलावर पडल्या पडल्या तुम्ही मलाच विचारलं होतं, “सिस्टर, माझी पोरगी हितंच कामाला हाय. तिला बलवा की जरा.” तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, तुम्ही ओळखणार कसं? मी म्हणाले, “आबा, मीच आहे.” तुम्ही अंदाजाने हात पुढे केलात आणि माझं मनगट घट्ट धरलंत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर तुमचं पहिलं वाक्य काय? “भिंतीला रंग द्याया पायजे ह्या!” सगळा वॉर्ड हसला होता. तिकडेही कुणीतरी असंच उठून बसेल आणि भिंतीला नावं ठेवेल. ते मला ऐकायचं आहे. हा स्वार्थ असेल, तर आहे.

परवा संभाला फोनवर एवढंच म्हणाले की, मन तिकडे ओढतं.

“आक्का, शबूद दिलाय मी. चार मानसांत, घाटावर.”

“शब्द तू दिलास. जायचं मला आहे.”

मग म्हणाला, “तुला पटत न्हाई, ठावं हाय मला. पर आबा अडकून पडलं तर गं?” त्याचा आवाज असा झाला की मी पुढे वाद घातला नाही. रागावता येईल असा भाऊ असता तर बरं झालं असतं.

आज दुपारी त्याने आईला मोटारसायकलवरून आणून सोडलं. दारातूनच “येतो आक्का” म्हणून परत फिरला. चहालाही थांबला नाही. आईच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती. बॅग झाकावी असं मला वाटलं, पण तोवर तिने बघितली होती. मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर काय! बॅग रिकामी. माझे सगळे कपडे खाटेवर पसरलेले आणि आई त्यांच्यात बसलेली. माझं डोकंच फिरलं.

“आई, हे काय चाललंय? तोंडाने सांग की जाऊ नको म्हणून!”

“वरडू नगंस. कुनी शिकिवलं तुला बॅग भराया? आसं घडी घालून भरत्यात व्हय? तुज्या बानं बगितलं असतं तर हाकललं असतं.” आणि तिने एकेक कपडा गुंडाळायला घेतला. अगदी तुमच्यासारखा, दोन्ही बाजूंनी दाबत. बुटात मोजे कोंबले. मी चहाचे कप हातात घेऊन तशीच उभी.

“वर्तमानपत्र ऱ्हाऊ दिलंय खाली,” ती म्हणाली. “ते बरूबर हाय.”

“आई, घाटावर संभा बोलला ते...”

“ऐकलं की मी. भैरी हाय का?” ती कपडा गुंडाळतच होती. “त्येच येळंला मीबी बोलले हुते. पदराआड.”

“काय?”

“आवं, म्हनलं, आडवत न्हाई मी तिला. जाऊ दे. तुमाला आडवलं का कवा? मग तिलाच का?” मग नाक पुसून म्हणाली, “माझंच चुकत हुतं. म्हनून येत न्हवता कावळा, आसं वाटलं मला. आन् आला.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“भावकीत लेकानं शबूद दिला, आन् मी म्हनू न्हाई म्हून? त्याची मान खाली घालू? आन् खरं सांगू का? म्हनलं, बरंच झालं. बोलले मी मोकळ्या मनानं, पर तू घरात ऱ्हायलीस की ग्वाड बी वाटायचं.”

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, “मग कावळा कुणाचं ऐकून आला गं? त्याचं का तुझं?”

आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू शिकून मी फुकट गेले. “त्येला भूक लागली आसंल, मने. किती येळ बसला हुता झाडावर!”

आबा, आम्ही दोघी किती हसलो! आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही.

चहा गार झाला होता. तो पिताना आई म्हणाली, “वजन किती न्यायला देत्यात? संभाकडं टांगायचा काटा हाय की, हळद तोलायचा. आनाया सांग.”

“तो आणेल?”

“मागून तर बग. त्येला वाटतंय, त्येनं तुज्या बाला सोडवलं. तू माझ्याकडनं न्हाई, तुज्या तोंडानं सांग त्येला.”

आता आई आत झोपली आहे आणि मी हे लिहिते आहे. लिहितानाही शंका येतेच. आईच्या पदराआडच्या बोलण्यात मी माझी सोय तर शोधत नाही? कावळा तिचं ऐकून आला असं धरलं, तर संभाचं ऐकून आला असंही धरावं लागेल. म्हणून मी दोन्ही धरत नाही. त्या दिवशी घाटावर ज्याला त्याला काही ना काही म्हणायचं होतं, आणि बोलले नव्हते ती मी एकटी. ते आज बोलते.

आबा, मी जाते आहे. तुमचं ‘बघू’ मी ‘हो’ धरते. चुकत असेन तर ती चूक माझी, संभाची नव्हे आणि आईची तर नव्हेच. आणि शब्द देते तो एवढाच: तिकडून आईला ‘मी ठीक आहे’ असं कधीच कळवणार नाही. काय जेवले ते सांगेन. झोप लागली नाही तर लागली नाही म्हणून सांगेन. भीती वाटली तर तीही सांगेन. कागदाची मागची बाजू कोरी सोडणार नाही.

तुमची,
मनी

उद्या: संभाकडे टांगायचा काटा मागणे, कशाला हवा ते सांगून.