खिंडीखालच्या स्वयंपाकघराची तजवीज

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण, हल्ली घरीच, हे माझं शेवटचं मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी तपासून तसा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. माझ्या पश्चात सगळी व्यवस्था वकीलसाहेबांनी पाहावी.

वकीलसाहेबांच्या नमुन्यात इथे "कोणाच्याही भीतीपोटी वा दडपणाखाली नव्हे" असं वाक्य होतं. ते मला लिहिता येईना. मला भीती वाटते. गेली तीन वर्षं रोज वाटते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, असं लिहिलंत तर हा कागद टिकणार नाही." म्हणून नीट सांगते. कोणाला काय द्यायचं हे मी कोणाला भिऊन ठरवलेलं नाही, माझ्या मनाने ठरवलं आहे. भीती आहे ती वेगळी. तिचा तपशील पुढे येईल.

१. बसचा रस्ता संपतो तिथलं शेवटचं घर माझं. दोन खोल्या, शिवणयंत्राची अर्धी खोली, वर माळा, आणि या सगळ्यांहून मोठं स्वयंपाकघर. परसदारापासून पायवाट निघते ती खिंड ओलांडून पलीकडे उतरते. महिना-महिना चालणारी माणसं त्या वाटेने जातात. माझ्या घरानंतर चार दिवस दुकान नाही, काही नाही, फक्त खिंडीतला निवारा आणि त्याचा रखवालदार. घर यजमानांनी बांधलं. ते दुधाची गाडी चालवायचे. मी विजेला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, दोनशे मुलांचा स्वयंपाक करणारी बाई असून कुकरच्या शिट्टीला दचकायची. ते मला भित्री भागूबाई म्हणायचे. ते जाऊन चौदा वर्षं झाली. या घराचं काय करायचं ते शेवटाकडे लिहिलं आहे, कारण ते ठरवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

२. तीन मोठी पातेली, शेगडी आणि बाकीची भांडीकुंडी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. ती दवाखान्यात नर्स आहे. लांब दांड्याचं ओगराळं रखवालदाराला, त्याचं दोन वर्षांपूर्वी मोडलं आणि तो अजून कपाने वाढतो.

ही पातेली शाळेने मोडीत काढली तेव्हा मी घेतली. एकतीस वर्षं दोनशे जणांचं रांधल्यावर एकटीपुरतं रांधणं जमेना. वाटीभर सूप करायला जावं आणि पातेलंभर व्हावं. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात परसदारी दगडावर एक माणूस दिसला. सुके नूडल्स न शिजवताच कडाकड चावत होता, कारण त्याची शेगडी ओढ्यात वाहून गेली होती. त्याला आत बोलावलं. तो चार वाट्या सूप प्यायला, आठ बटाटे खाल्ले आणि बसल्याजागी झोपला. जाताना पाकीट काढलं. मी म्हटलं, "राहू दे. नाहीतर मी हे ओतूनच देणार होते." त्याने वर निवाऱ्यात सांगितलं, तिथून वाटभर झालं, आणि मग रोज कोणी ना कोणी दारात उभं राहून विचारू लागलं, "मावशी तुम्हीच का?" मी पाटी लावली: जेवण आहे. पैसे नाहीत. भावाने ती वाचून विचारलं, "पैसे कोणाकडे नाहीत, तुझ्याकडे का त्यांच्याकडे?"

३. त्या भावाला मी आमच्या दोघांच्या जागेमधली भिंत देते. वीस वर्षं तो तिच्यावरून भांडतो आहे. पूर्ण भिंत घ्यावी, दोन्ही बाजूंसकट.

त्याचं लॉज माझ्या घराच्या खालच्या अंगाला आहे. मी फुकट वाढते म्हणून त्याचं गिऱ्हाईक तुटतं असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. त्याबद्दल मी त्याला काही म्हणत नाही. माझा राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. "मी भावाला माफ केलं" असं वाक्य वकीलसाहेबांनी सुचवलं होतं. अजून केलेलं नाही. मरेपर्यंत जमलं तर पुरवणी जोडीन.

४. राग कशाचा ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर सरताना, भर दुपारी एक बाई आली. ती चालणाऱ्यांपैकी नाही हे पाहताक्षणी कळलं. बूट कोरे, हातात काठी नाही, पाठीवर सॅक नाही, खांद्याला बाजाराची पिशवी. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ती जेवली. आंघोळीला पाणी तापवून दिलं. डावा हात वर होईना, म्हणून पाठ चोळायला मी गेले. चुलीचा चटका कुठे बसतो ते मला कळतं. बोटांवर बसतो, मनगटावर बसतो, फारतर दंडावर. पाठीवर बसत नाही. आणि ओळीने तर बसतच नाही.

मी काही विचारलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "मावशी, मागून कोणी आलं तर?"

"तर त्याला जेवायला वाढीन," मी म्हटलं.

तीन दिवस ती शिवणयंत्राच्या खोलीत राहिली. चौथ्या सकाळी दोन वयस्कर बहिणी, दोघी चालणाऱ्या, खिंडीकडे निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर गेली. यजमानांचा जाड कोट मी तिला घातला. कोट कोणी शोधत बसू नये, तो तिला दिलेला आहे. वळणावर तिने मागे वळून पाहिलं नाही. बरं केलं.

५. पाचव्या दिवशी तो आला. छान ऊन पडलं होतं. दारात बूट काढले, जोडीने लावून ठेवले, म्हणाला, "मावशी, जेवण मिळेल?" मी वाढलं. दोन वाट्या सूप, पाव, अंडं. जेवून वाटी स्वतः घासली, पुसली, पालथी घातली. मग म्हणाला, "माझी बायको इथे राहिली होती. खाली लॉजवाल्यांनी सांगितलं."

लॉजवाला म्हणजे माझा भाऊ. मी त्याला जाब विचारला तेव्हा म्हणाला, "माणसाने विचारलं, मी सांगितलं. प्रत्येकाची कुंडली काढू का मी?"

मी त्या माणसाला म्हटलं, "बसने गेली." नवव्या दिवशी तो परत हजर. "कंडक्टरला आठवत नाही. मावशी, तुमच्या वयाच्या बाईने खोटं बोलू नये. कुठे आहे ती?"

"मला सांगता येणार नाही."

"म्हणजे माहीत आहे," तो म्हणाला. मी गप्प बसले.

तेव्हापासून वर्षातून चार-पाचदा येतो. भावाच्या लॉजवर आठ-आठ दिवस मुक्काम करतो, दोन्ही वेळा माझ्याकडे जेवतो. आवाज कधी चढवत नाही. एकदा न सांगता गॅसची नळी आवळून दिली आणि म्हणाला, "एकट्या बाईने गॅसकडे लक्ष ठेवावं." एकदा माळ्याच्या जिन्याची कुठली पायरी हलते ते मला दाखवलं. मी त्याला कधी माळ्यावर नेलं नव्हतं.

चौकीवर गेले होते. हवालदाराने विचारलं, "दमदाटी केली?" नाही. "शिवीगाळ?" नाही. "मग करतो काय?"

"जेवतो आणि वाटी धुऊन ठेवतो."

तो हसला नाही, पण त्याचं लिहिणं थांबलं. "बाई, पाटी तुम्हीच लावली आहे ना?"

म्हणून इथे नोंदवते. माझा मृत्यू गॅसने, जिन्यावरून पडून किंवा ओढ्यात बुडून झाला, तर चौकशीशिवाय कोणी त्याला अपघात म्हणू नये. गॅस मी दिवसातून तीनदा तपासते. जिना कठडा धरून उतरते. ओढ्याकडे जातच नाही. भित्र्या माणसाला सहसा अपघात होत नाहीत.

६. गेल्या एप्रिलात रखवालदाराने आणि दोन चालणाऱ्यांनी त्याला झोळीत घालून माझ्या दारात आणलं. निवाऱ्यात चौकशीला म्हणून वर गेला आणि उतरताना घसरून पाय मोडला. खाली दरड कोसळून रस्ता बंद होता, गाडी दोन दिवस येणार नव्हती. रखवालदाराला सगळं ठाऊक होतं. हळूच म्हणाला, "मावशी, त्याला तिथे टाकून कसं यायचं?"

शिवणयंत्राच्या खोलीत त्याला निजवलं. ताप भरला होता, हात उचलत नव्हता, म्हणून चमच्याने भरवलं. निम्मं सूप त्याच्या गळपट्टीवर सांडलं.

"घाबरता तुम्ही मला," तो म्हणाला.

"हो."

"तरी भरवता?"

"थंड होतंय, तोंड उघडा."

मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस थोडा विरघळतो. डोळ्यांत पाणीही आलं त्याच्या. म्हणाला, "ती जिवंत आहे एवढं तरी सांगा." माझा जीव हलला, खोटं कशाला बोलू? पण मला ती पाठ आठवली. दुसऱ्या दिवशी भाची दरड ओलांडून, चालत, पायाला फळ्या बांधायला आली. तो तिच्याकडे पाहत होता. ती गेल्यावर म्हणाला, "तुमच्यानंतर ही राहणार का इथे? तुम्ही हिला सांगितलंच असेल सगळं."

चमचा माझ्या हातून वाटीत पडला. स्वतःसाठी भिणं मला जन्माचं सवयीचं आहे. हे वेगळं होतं. ऑगस्टात तो लंगडत परत आला. भाचीची दवाखान्यातली पाळी कधी सुटते ते त्याला ठाऊक होतं.

७. त्यानंतर मी पहिला खर्डा केला. घर विकावं, पाटी जाळावी, आलेली रक्कम आणि बँकेतली ठेव भाचीला द्यावी आणि तिने लांब कुठेतरी नोकरी धरावी. खर्डा तिला वाचायला दिला. तिने शेगडीसमोर उभ्याउभ्याच वाचला.

"आत्या, विकायचं? मला विचारलंस?"

"तुला घर द्यायचं म्हणजे तो माणूसही द्यायचा."

"तो काय कपाट आहे, घराबरोबर यायला?"

"हसू नकोस. तो येऊन विचारेल. तू माहीत नाही म्हणशील. त्याला पटणार नाही."

तिने कागद घडी घालून ओट्यावर ठेवला. मग तिने विचारलं, "खरंच, कुठे आहे गं ती?" मी तिला जे सांगितलं ते पुढच्या कलमात आहे. ऐकून ती खाली बसली. तिने माझा हात धरला, आणि नर्स असूनही तिचे हात गार पडले होते. म्हणजे तिलाही भीती वाटते. ते पाहून मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाती हे घर द्यायला मी धजले नसते.

"पातेली मला देतेस आणि स्वयंपाकघर विकतेस," ती म्हणाली. "त्यांत काय कपडे भिजवू?"

म्हणून घर, जागा आणि ठेव सर्व भाचीला, विनाअट. तिने राहावं, विकावं, पाटी ठेवावी, काढावी. आत्याला काय वाटलं असतं याचा विचार करू नये. तिच्या वडिलांनी हक्क सांगू नये. त्यांना भिंत दिली आहे. एकच विनंती, पहिलं वर्ष तिने या घरात एकटीने राहू नये. रखवालदाराची बायको हिवाळाभर खाली असते, ती सोबतीला यायला कबूल झाली आहे.

८. हे कलम माझ्या हयातीत भाची आणि वकीलसाहेब सोडून कोणालाही कळता कामा नये. माझ्या पश्चात वकीलसाहेबांनी ते त्या माणसाला, चौकीवर, हवालदारासमोर वाचून दाखवावं. त्याला निरोप धाडावा लागणार नाही, तो येईलच.

तुमची बायको कुठे आहे हे मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. तिचं नाव मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. खिंडीपलीकडे तीन वाटा फुटतात. तिने कुठली धरली ते त्या बहिणींनी मला कळवलं नाही, आणि कळवू नका असं मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, कारण मी मला ओळखते. कोणी जोरात विचारलं तर मी बोलून जाईन. घरात चिठ्ठी नाही, नंबर नाही. जमीन उकरलीत तरी काही निघणार नाही. भाचीला माहीत नाही, कारण मलाच माहीत नाही.

"मला सांगता येणार नाही" हे मी म्हटलं ते शब्दशः खरं होतं. "म्हणजे माहीत आहे" हे तुम्ही म्हणालात. त्या दिवशी मी गप्प राहिले ती निव्वळ भीतीने. तुम्ही गेल्यावर ती पालथी वाटी पाहत बसले आणि लक्षात आलं, तुम्ही परत येणार. या घरात काहीतरी आहे असं वाटतंय तोवर येत राहणार. आणि जो माणूस आठ-आठ दिवस इथे बसून जेवतो, तो तेवढे दिवस दुसरीकडे शोधत नसतो. त्यानंतर दर खेपेला मी ठरवून गप्प राहिले आणि वाढत राहिले. दर खेपेला भीत भीतच.

मी मरेपर्यंत जितकी वर्षं गेली असतील तितकी तिला मिळाली. त्यापुढे माझा हात पोचत नाही. आता इथे विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. जा.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला आणि पुन्हा वाचून पाहिला. हात थरथरतो म्हणून सही बँकेतल्या सहीसारखी आलेली नाही, पण ती माझीच आहे. साक्षीदारांनी मजकूर वाचलेला नाही. त्यांनी मला सही करताना पाहिलं, आणि मी त्यांना.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
(सही) खिंडीतल्या निवाऱ्याचा रखवालदार
(सही) दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: ११ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी सव्वातीन