विहिरीवरची पाटी उतरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
पुरातन वास्तू जतन कार्यालय.

विषय : गावच्या जुन्या विहिरीवरील पाटी काढणे व ढासळलेला कठडा बांधणेबाबत.

संदर्भ : माझा आधीचा तक्रारअर्ज, व त्यावर "आपण सांगता त्या आख्यायिकेस आधार काय?" असे विचारणारे आपले उत्तर.

महोदय,

मी विहिरीसमोरच्या दुकानातला शिंपी. सविनय कळवितो की,

१. विहीर पाचशे वर्षांची आहे असे पाटीवर लिहिले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार खालच्या ओळीची आहे : "भरदुपारी वाकून पाहिल्यास पाण्यात मनातले माणूस दिसते, अशी आख्यायिका आहे." ही आख्यायिका पाहणीला आलेल्या आपल्या साहेबांना आमच्या न्हाव्याने दाढी करता करता सांगितली. न्हावी माणूस चांगला, पण जिभेला हाड नाही. साहेबांची दाढी दाट असती तर पाटीवर आणखी दोन आख्यायिका आल्या असत्या.

२. गावात चालत आलेली गोष्ट वेगळी आहे. विहिरीच्या तळाशी एक मुलगी बसते. तिला एकटीला करमत नाही, म्हणून ती वाकणाऱ्याचा हात धरते. या धाकाने, एका बाजूचा कठडा पडलेला असूनही, पोरे तिकडे फिरकत नसत. आता पाटी वाचून पोटावर पडून वाकतात. मी शिलाई मशीन विहिरीशी आणून बसलो आहे. एक डोळा पोरांवर, एक सुईवर. परवा एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. गिऱ्हाईक हसले, मला हसू आले नाही.

३. आपण आधार मागितला. आधार माझी थोरली बहीण आहे. माझ्या जन्माआधी ती याच जागेवरून आत पडली आणि गेली. त्यानंतर आईने ही गोष्ट रचली व गावातल्या प्रत्येक पोराला सांगितली. ती मुलगी कोण, हे मात्र कधी सांगितले नाही. स्वतः ती पुन्हा विहिरीकडे गेली नाही.

४. आता आई फार थकली आहे. नातीने तिला पाटी वाचून दाखवली, तेव्हापासून रोज दुपारी ती काठी घेऊन निघते. "एकदाच बघू दे रे. सरकारी पाटी आहे, खोटं कशाला लिहितील?" मी वाटेत आडवा उभा राहतो. पण महोदय, मला भीती वाटते. सुईत दोरा ओवताना एखाद्या दिवशी माझी नजर चुकेल.

तरी पाटी उतरवावी व कठडा बांधावा. त्यास वेळ लागणार असल्यास, तोवर कोणी अधिकारी पाठवून पाटीवरचे खोटे आहे असे आईला समक्ष सांगावे. शक्यतो शिक्का सोबत आणावा. माझे ती ऐकत नाही. मी स्वतः वाकून पाहिले, कोणी दिसत नाही, असेही तिला सांगितले. ती म्हणाली, "तू तिला कधी पाहिलंच नाहीस. तुला ओळखू कशी येईल?"



आपला नम्र,
(सही)
शिंपी, हल्ली मुक्काम विहिरीचा काठ
दिनांक : आजचाच, दुपार होण्याच्या आत

सोबत : ढासळलेल्या कठड्याचे छायाचित्र. बहिणीचे छायाचित्र उपलब्ध नाही.