गोणपाटातली बाटली

४ एप्रिल २०२१
कॉलेज बंद. नाशिकहून घरी, प्रकाशा गावी. या लॉकडाऊनमध्ये वेळ वाया घालवायचा नाही. आजपासून रिसायकलिंग. आम्ही पाच जण, गावभरचं प्लास्टिक, टार्गेट शंभर किलो. व्हॉट्सॲप ग्रुप काजलने काढला. खरं तर ॲडमिन मी हवा होतो. असो.

७ एप्रिल
सहा किलो. आजची कमाई: शेजारच्या भटू आबांची शेतात न्यायची दोन लिटरची बाटली, गोणपाटात शिवलेली. दहा वर्षं तीच! किती अनहायजीनिक. ओट्यावरून उचलली, पोत्यात टाकली. विचारलं नाही. आरोग्याच्या बाबतीत विचारत बसायचं नसतं.

११ एप्रिल
आबांना ताप. नंदुरबारला कोविड सेंटरमध्ये नेलं. गाडीत चढताना मला विचारलं, "मन्ही बाटली कोठे शे रे? तिन्हामाच पानी गार ऱ्हास." म्हणालो, रिसायकलिंगला गेली. पोतं माझ्याच खोलीत होतं, पण ऐन घाईत उपसणार कोण? आबा हसले. परत आले की स्टीलची नवी घेऊन देईन. नक्की.

१९ एप्रिल
आबा गेले. त्यांच्या बायकोला, दगूमायला, लांबूनच दाखवलं. खूप रडलो.
स्टीलची बाटली अजून कार्टमध्येच.

२२ एप्रिल, दुपारी दोन
पोत्यातून आवाज. टक्. जरा थांबून पुन्हा टक्. घाबरलो नाही. साधं फिजिक्स आहे: उन्हाने बंद बाटलीतली हवा तापते, प्लास्टिक फुगतं. झाकण उघडलं की संपलं. उद्या उघडतो.

२३ एप्रिल
उघडलं नाही. दुपारी आईच्या खोलीत झोपलो. तिथे कूलर आहे म्हणून.

२८ एप्रिल
रोज दोनला. कोणी तरी पाणी मागतंय असं वाटतं. फिजिक्सच, पण वाटतं.
ग्रुपमधून तिघे लेफ्ट. काजल म्हणते, राहिलेलं जाळून टाकू. तिला पर्यावरण कळतच नाही.
भंगारवाला आला होता. पोतं दिलं नाही. सॉर्टिंग बाकी आहे.

२ मे
ठरलं. उद्या दगूमायला बाटली परत, सगळं खरं सांगून. तीन मुद्दे काढलेत. आरशासमोर दोनदा म्हटले, छान जमले.

३ मे
तिन्ही मुद्दे विसरलो. बाटली पुढे केली आणि रडायलाच लागलो.
दगूमाय म्हणाली, नेली त्याच दिवशी आबांनी माझ्या खोलीच्या खिडकीतून पोत्यात बाटली बघितली होती. ती मागायला निघाली, तर त्यांनी अडवलं. म्हणाले, "पोऱ्या चांगलं काम करी ऱ्हायना, ऱ्हाऊ दे."
म्हणजे गाडीत चढताना त्यांना माहीत होतं. म्हणून हसले.
तिने माठातून बाटली भरली, गोणपाट ओलं केलं आणि माझ्याच हातात दिली. तुझ्याकडे राहू दे म्हणाली.

४ मे, दुपारी दोन
भरलेल्या बाटलीचा आवाज येत नाही. फिजिक्स.
तरी मी कान लावून बसलोय.