वांग्यांनी गुण येईना, त्याबद्दल

मेहरूण, जळगाव.
मंगळवार, ता. २१ जानेवारी २०२५, सकाळचे सव्वासात. डाव्या दंडाला प्रेशरच्या मशीनचा पट्टा आहे, उजव्या हाताने लिहीत आहे.

तीर्थस्वरूप निंबानाना यांस प्रेमराजचा साष्टांग नमस्कार. आपली कंबर व नानींचे गुडघे बरे असतील, असे धरून चालतो. माझे मात्र बरे नाही. प्रेशर उतरले नाही तर सोमवारपासून कायमची गोळी, असे डॉक्टर म्हणाले, आणि माझे वय सव्वीस. (हे आईला कळवू नये.)

पहूरला आपल्या मळ्यातल्या भरीत पार्टीला मी मशीन पिशवीत घालून आलो होतो. मी मीठ-मिरचीला भीत होतो, तर आपण म्हणालात, "खाय रे भो, डाक्टर काही वावरात येत नाही." वीस जणांच्या चेष्टेत तीनदा वाढून घेतले आणि मशीन लावले, तर प्रेशर नॉर्मल! तेव्हाच ठरवले, औषध वांग्यात आहे.

म्हणून आपण पाठवलेली वांगी आठवडाभर दोन्ही वेळा खाल्ली. एकट्याने, दार लावून (डॉक्टरांनी शांतता सांगितली आहे). प्रेशर चढले, वर पित्त झाले. गॅसवर भाजल्याने गुण जात असेल, म्हणून काल गच्चीवर तुराट्या पेटवल्या. धूर पाहून घरमालकीण मुमताजखाला बादली घेऊन धावत आल्या. "क्या रे, घर जलाता क्या मेरा?" आग विझवली, भरीत चाखले, "इसमें लसूण किधर है?" म्हणत शकीलभाईंना व पोरांना वर बोलावून तिथेच बसल्या. तासभर सगळ्यांनी मला वेड्यात काढले. नंतर मोजले तर नॉर्मल. आज सकाळी एकट्याने मोजले तर पुन्हा वर. वांगी तीच! डॉक्टरांना कालच फोन केला होता, पण ते वांग्यांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. एवढेच विचारले, "जेवता कुणाबरोबर?" मी मोबाईलबरोबर, असे खरे ते सांगितले.

जास्त लिहिले तर आकडा चढेल, म्हणून थांबतो.

आपला पुतण्या,
प्रेमराज

ता.क. आता वांगी पाठवू नयेत.

आणखी एक ता.क. ही खोली आपणच शकीलभाईंना सांगून मिळवून दिलीत. तसाच अजून एक फोन करावा, की पोराचे ताट रोज खाली तुमच्यात मांडा, खर्च तो देईल. काल खाला स्वतःहून तसे म्हणाल्या होत्या, पण मी "नको, उगाच त्रास" म्हणून बसलो. आता कोणत्या तोंडाने विचारू? फोन मी करायला लावला, हे सांगू नये. सांगितलेत तरी चालेल, पण सोमवारच्या आत.