खानियाच्या दगडी गोद्या

अण्णा, मागच्या महिन्यात मी खानियाला जाऊन आले. जहाजावर फिटर असताना तुमची बोट ग्रीसच्या क्रीट बेटाला दुरुस्तीसाठी थांबली होती, तेव्हा तुम्ही ज्या जुन्या गोद्या बघितल्या होत्यात, त्याच बघायला. इथे अमेरिकेत, बॉथेलच्या माझ्या किचनमध्ये भाजी चिरता चिरता तुम्ही त्यांच्याबद्दल सांगायचात. "व्हेनिसवाल्यांनी बांधल्यात. एकेका कमानीखाली अख्खं गलबत मावायचं. तुला एकदा दाखवायचंय." आणि दर वाक्याला खोकला. म्हणून तर मी तुम्हाला स्कॅनला नेलं. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलतायत, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय. इंजिनरूममधल्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस तुम्ही वर्षानुवर्षं हातांनी सोलून काढलंत, त्याच्या धुळीनं कॅन्सर झाला होता. हातात थोडेच महिने होते.

"काय म्हणतात गं?"

"इन्फेक्शन आहे, अण्णा. औषधानं बरं होईल."

"मग खानियाला पुढच्या वर्षी जाऊ."

ठरल्या तारखेला तुम्ही भारतात परत गेलात. चौथ्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तुम्ही मला म्हणालात, "बरं होईल म्हणाली होतीस ना तू?" आयुष्यात पहिल्यांदा तुमचा आवाज माझ्यावर चढला होता. आवाज तुटतोय, असं सांगून मी कॉल कट केला. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तिथल्या कमानी अजून उभ्या आहेत. काहींची तोंडं बुजवलीत, एकीत नुसता राडारोडा पडलाय. तुमची नात भिंतीला हात लावून उभी होती. "आई, डिड आजोबा नो, की ते जाणार आहेत?" मी नाही म्हटलं. "पण माहीत असतं तर ही वुड हॅव कम हिअर." मग ती एकटीच पुढे चालत गेली.

तुम्हाला धक्का बसू नये म्हणून खोटं बोलले, असं मी सगळ्यांना सांगते. तिलाही तेच सांगितलं. तुम्ही असतात तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं नसतं, अण्णा. रिपोर्ट आला त्या आठवड्यात ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. खरं कळल्यावर तुम्ही लगेच खानियाला निघू या म्हणाला असतात, आणि मला रजा मागायची नव्हती.