बावीस इंचांचं मेज

जयनगर, बेंगळूरु
१० फेब्रुवारी २०२५

चि. पद्माकर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दहा दिवसांपूर्वी पोचलं. आम्ही सगळे बरे आहोत. माझा दमा स्वल्प वाढला होता, आता उतरलाय. फोनवर तुला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि या घरात सध्या ओरडून बोलायची सोय नाही. म्हणून लिहितेय.

आधी एक खरं सांग. "अक्का, धारवाडला कायमची ये, खोली रिकामीच आहे," हे तू आपल्या मनानं लिहिलंस, की माझ्या लेकानं, कार्तिकनं, लिहवून घेतलं? तुझी बायको कमल जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा तुला बहीण आठवली नाही. आणि माझ्या खोलीत टेप लागला त्याच आठवड्यात बरी आठवली!

टेप म्हणजे मोजायचा. शाल्मलीच्या इंदिरानगरच्या ऑफिसनं आता आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगितलंय. पुण्याची पोर, आमची सून होऊन दीड वर्ष झालं, आतापर्यंत जेवणाच्या टेबलावर सांबाराच्या भांड्याशेजारी लॅपटॉप ठेवून बसायची. एक दिवस कागद घेऊन माझ्याकडे आली. "आई, तुमच्या खिडकीखाली चार फूट जागा आहे ना, तिथे भिंतीला फोल्डिंग टेबल. साडेसहाला मिटवलं की खोली परत तुमची. पंखा नको, दिवा नको, उत्तरेचा उजेड आहे. आणि नवीन लाकूड अजिबात आणायचं नाही, बाबांचा पलंग माळ्यावर पडलाय ना सुटा करून, त्यातूनच होईल."

पलंग! यांचा सागवानी पलंग. मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मनात म्हटलं, आज भटाला ओसरी दिली, उद्या भट पाय पसरणार.

आणि संशय यायला काय एकच कारण होतं? कागदावर माझी खाट सहा इंच सरकवली होती. दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायची, मी गेले की "काही नाही आई." दुपारी ही कानात ती बोंडं घालून एकटीच पुटपुटायची आणि माझी चाहूल लागली की तोंड मिटायची. मग कार्तिक म्हणतो, "आई, मामाकडे जाऊन येतेस का? सुतारकामाची धूळ होईल." आणि चौथ्या दिवशी तुझं पत्र. तूच सांग, कुणीही दोन अन् दोन चारच करेल की नाही?

तर मेज बसलं. सुतारानं चूक केली, फार बुटकं झालं. खुर्ची घेतली की गुडघे आतच जात नाहीत. शाल्मली तीन दिवस माझ्या पाटावर बसून, मान वर काढून काम करत होती. कार्तिकनं गुरुप्रसादला, म्हणजे सुताराला, फोनवर नको नको ते सुनावलं. वीस वर्षांचा ओळखीचा माणूस, आपल्या बनशंकरीच्या जुन्या घराची दारं त्यानंच केली होती. मी ऐकत बसले होते.

पद्मा, सुतारानं चूक केली नाही.

हे मी चार वेळा लिहायचं टाळलं, आता लिहितेय. गुरुप्रसादला कन्नडच येतं. कार्तिक दिवसभर ऑफिसात, त्यामुळे सुनेचं मराठी मी कन्नडात करून सांगत होते. ती म्हणाली, जमिनीपासून एकोणतीस इंच. मी त्याला सांगितलं, इप्पत्तेरडु. बावीस. त्यानं दोनदा विचारलं, "अम्मा, इतकं खाली?" मी म्हटलं, हो, तिला तसंच हवंय. म्हटलं, चार दिवस पाठ दुखली की आपोआप गाशा गुंडाळेल आणि माझी खोली मला राहील. यांचा पलंग कापून झाला होता बघ, तरी मी हे केलं. या वयात. लाज वाटते रे.

काल रविवारी गुरुप्रसाद आला. कार्तिक दूध आणायला गेला होता. दारातच उभा राहिला, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि शाल्मलीच्या देखत मला म्हणाला, "अम्मा, नीवे ताने हेळिद्दु?" म्हणजे तुम्हीच सांगितलं होतं ना? हिला कुठे कन्नड कळतंय, एवढाच काय तो आधार.

तर ही पुढे झाली. आणि हळू, एकेक शब्द जोडत म्हणाली, "अवरु अल्ला. तप्पु नंदु. नाने हंगे हेळिद्दे." त्यांनी नाही. चूक माझी. मीच तसं सांगितलं होतं.

गुरुप्रसादनं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सरी अम्मा," म्हणाला आणि चप्पल काढून आत आला. मी पाण्याचं निमित्त करून आत गेले आणि सिंकपाशी उभी राहून रडले.

तो गेल्यावर विचारलं, "तुला कन्नड कधीपासून येतं?"

"सहा महिने ऑनलाईन क्लास करतेय. तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. म्हणूनच तुम्ही आलात की गप्प बसायचे. उच्चार फार वाईट आहेत माझे."

"म्हणजे त्या दिवशी..."

"आकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आई."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय. टेबलाच्या उंचीचं नाही, दुसरंच. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

मग मी विचारलंच. "मला इथून काढणार आहात का?" पद्मा, तिचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणाली, मामांना फोन मी केला होता. पॉलिशच्या वासानं आणि धुळीनं तुमचा दमा वाढेल म्हणून. आठ दिवसांसाठी. खाट सरकवली ती उजेड तुमच्या पोथीवर यावा म्हणून.

आठ दिवस, असं म्हणाली. मी दोनदा विचारलं. तेव्हा आता तू सांग, आठ दिवसांचं "कायमची" कुणी केलं? फोनवर नीट ऐकू आलं नाही म्हणू नकोस, तू सोयीचं तेवढं बरोबर ऐकतोस. घर खायला उठतं, तर सरळ तसं लिहायचं. आमच्या घराण्यात कुणालाच सरळ बोलता येत नाही, हेच खरं.

मी कार्तिकला सगळं सांगितलं. गुरुप्रसादलाही आज फोन करून माफी मागितली, तिच्यासमोर, कन्नडात, म्हणजे तिला कळेल अशा भाषेत. गुरुवारी तो येऊन मेज एकोणतीस इंचांवर नेईल, त्याच दिवशी पॉलिश. म्हणून बुधवारी मी तुझ्याकडे येतेय, हे पत्र स्पीडपोस्टानं माझ्याआधी पोचेल. चटणीपूड आणि तुझं मेतकूट घेऊन येईन. परतीचं तिकीट शाल्मलीनं काढलंय, तारीख मी सांगितली, आणि तिनं ती कन्नडात परत म्हणून दाखवली.

तुला एकटं वाटत असेल तर माझ्याबरोबर इकडे ये. मेज साडेसहाला मिटतं, मग खोलीत दोन खाटा मावतात. मी मोजून पाहिलंय, या वेळी खरं.

तुझी अक्का,
अनुसूया
कायमचा मुक्काम: जयनगर