बादशहाचाचांनी भरलेल्या बांगड्या

३ फेब्रुवारी १९११

पास! मी आणि जुलेखा, दोघीही. मेट्रनबाईंनी सर्टिफिकेट हातात दिलं, पाठ थोपटली आणि त्याच दमात म्हणाल्या, आता खोली मोकळी करा, नव्या मुली यायच्यात. मी विचारलं, आणि आमची जागा? तर म्हणे, निघाली की कळवू. दोन वर्षं हेच ऐकवलं — शिका गं, शिकलेल्या नर्सा राज्यात आहेत कुठे, पास व्हायच्या आत बोलावणी येतील! आता निघाली की कळवू.

आज शेवटची हजेरी झाली. सुरुवातीला या हजेरीपायी किती रडले होते! उभं राहून पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. बाळाबाई कृष्णात चौगुले. नवऱ्याचं ते नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. प्लेगानं ते गेले, आणि इथं रोज सकाळी खणखणीत आवाजात त्यांचं नाव! पहिले काही दिवस जीभ उचलेना. मेट्रनबाई म्हणाल्या, पुटपुटू नको, पुन्हा सांग. पुढे सवय झाली. जुलेखाचं सोपं — जुलेखा बादशहा मणेर, बापाचं नाव.

रात्री दोघी खूप हसलो. उगाचच.

१० फेब्रुवारी

आक्काकडे राहायला आले. थोरली बहीण, टाकून बोलणार नाही असं वाटलं होतं. आज भाकरी करपली तर म्हणाली, "दोन वरसं शिकलीस न्हवं? मग ह्ये काय शिकलीस?"

काम शोधायला रोज बाहेर पडते. पण गंगावेशीकडची सगळी बाळंतपणं झुंबरबाई सुईणीकडे. तिच्या सासूकडे होती, आता तिच्याकडे. वतनच ते. उकळत्या पाण्यात कात्री टाक असं तिला कोण सांगणार? आणि मला तर दारातच अडवतात. आज एका बाईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि ओट्यावर बसलेल्या पोटुशा सुनेला हाताला धरून आत नेलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे पांढरं कपाळ शिकायला आले तेव्हाही पांढरंच होतं की! तेव्हा कुणी का नाही सांगितलं?

१५ फेब्रुवारी

कुठेच गेले नाही.

२१ फेब्रुवारी

जुलेखा आली होती. तिलाही काम नाही. बाप म्हणतो, दुकानात बस, बांगड्या भर. पण आज डोळे चमकत होते तिचे. गणपतराव इनामदारांची सून पहिलटकरीण आहे आणि अशक्त आहे. झुंबरबाई असतेच, पण त्यांना जोडीला शिकलेली नर्स हवी आहे. असं एक घर हाती लागलं की पुढची दारं आपोआप उघडतील.

"मग तू जा," मी म्हटलं.

"तू जा. तुजा हात माज्यापेक्षा हलका हाय. मी मागनं दुसरं घर धरतो."

"आणि हे कपाळ?"

ती जवळ सरकली. मग म्हणाली, "कुकू लाव. काकणं भर. तिथं तुला कोण वळखतंय?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिनं तो काढला. "अल्लाची आन बाळा, माज्या तोंडातनं न्हाय जायचं. मुडदा पडला तरी न्हाय."

झोप येत नाही. हे पाप आहे का? अडलेल्या बाईला जिवंत सोडवणं हे पुण्य असेल, तर त्याच्यापुढे चिमूटभर कुंकवाचं पाप किती? मला कळत नाही. पण जाणार.

२४ फेब्रुवारी

आक्काच्या घरातून तशीच निघाले, मोकळ्या मनगटांनी. बादशहाचाचांच्या दुकानामागच्या खोलीत बसले. चाचांनी माझा हात दाबून पाहिला, नुसतं "कडक झालाय" म्हणाले, आणि एकेक हिरवी बांगडी चढवली. एकही फुटली नाही. भरून झाल्यावर मी बांगड्यांना नमस्कार केला. किती वर्षांनी! जुलेखानं कुंकू लावलं. आरशात पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

मग इनामदारांकडे गेले. मालकीणबाई सोप्यावर बसल्या होत्या, खांबाला टेकून झुंबरबाई तंबाखू मळत होती. मालकीणबाईंनी हसून बोलावलं. "या की. नाव काय तुमचं, गाव कुठलं?" मी दवाखान्यात उभी राहायचे तशी सरळ उभी राहिले आणि नाव, गाव, शिक्षण, सगळं एका दमात सांगितलं. माझं मलाच बरं वाटलं. एवढ्या मोठ्या घरात अडखळले नाही!

बाईंनी मात्र झुंबरबाईकडे पाहिलं. उठून आत गेल्या. जरा वेळानं मोलकरीण आली, खाली बघत म्हणाली, "बाईसाब म्हंत्यात, तुमी जावा. रांडाव बाय बाळंतिणीच्या खोलीत नगं."

आत शिरून अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. यांना कसं कळलं? माझ्या बांगड्यांचं तीन माणसांना ठाऊक. मी, चाचा, जुलेखा. चाचा दुकान सोडून हलत नाहीत.

तशीच जुलेखाच्या दारात गेले. ती धावत आली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "तूच सांगितलंस."

"मी? आन घेतली हुती न्हवं मी?"

"तुला ते घर हवं होतं. मला कशाला पुढं घातलंस? हसं करायला?"

तिनं माझा हात धरायला हात पुढे केला. मी माझे दोन्ही हात तिच्या पायरीवर आपटले. एकदा, दोनदा. सगळ्या फुटल्या. ज्या हातांवर बायकांनी एकदा बांगड्या फोडल्या, त्यांच्यावर आज मीच फोडल्या. चाचा दुकानातून बघत होते. मनगटातून रक्त आलं, ते पदरानं पुसत घरी आले.

२६ फेब्रुवारी

इनामदारांचा टांगा जुलेखाच्या दारात लागला होता. ती बसून गेली. आक्कानंच सांगितलं, आणि वर म्हणते, "बघ, त्या पोरीला काम मिळालं की!"

आता तरी शंका राहिली का? बाळंतिणीच्या खोलीत मणेराची मुलगी चालते. तिचा विटाळ झाला तरी सोयर फिटलं की आंघोळ केली, सगळे शुद्ध. विधवेचं अशुभ मात्र कितीही पाणी ओता, जात नाही. आणि हे जुलेखाला पक्कं ठाऊक होतं. एका ताटात जेवलो आम्ही! तिला ताप आला तेव्हा तिच्या उशाशी बसले होते मी!

२८ फेब्रुवारी

मुलगा झाला म्हणे इनामदारांकडे. दोघंही सुखरूप. देवा, मला आनंद का होत नाही?

४ मार्च

जुलेखा आली होती. मी आतून आक्काला सांगितलं, घरात नाही म्हण. ती बराच वेळ दारात उभी होती. मग आक्काला म्हणाली, "तिला म्हणावं, मी वाट बघतो." बघ वाट!

९ मार्च

मेट्रनबाईंचं बोलावणं. जागा निघाली! गगनबावड्याला नवा दवाखाना उघडतोय. घाटावरचं रान, पावसात वाट बंद. एकट्या बाईला ठेवणार नाहीत, दोघी हव्यात, जोडीनं राहणाऱ्या. आणि तिथं कपाळ बघायला कुणाला सवड नाही, असं बाई स्वतः म्हणाल्या. "तू आणि जुलेखा. दोघी मिळून जाल, नाहीतर मिरजेहून मुली मागवते. तिला विचारलं, ती तयार आहे. तू?"

केवढं हवं होतं हे! पण तिच्याबरोबर एका खोलीत? पाठीत सुरा घालणाऱ्या बाईबरोबर?

"तिच्याबरोबर नाही," मी म्हटलं.

मेट्रनबाई म्हणाल्या, "नीट विचार कर बाळा. तिचंही जाईल."

म्हटलं, जाऊ दे.

१० मार्च

तिचं गेलं याचं बरं वाटतंय. लिहून ठेवते, खोटं कशाला बोलू?

२२ मार्च

बाजारात झुंबरबाई भेटली. स्वतःहून थांबली. म्हणाली, "पोरी, कुकू लावून आलीस त्याचं काय न्हाय गं, पोटासाठी करत्यात लोकं. पर बाईसाबांनी नाव इचारल्याबरोबर धन्याचं नाव असं धडाधडा घ्यायचं व्हय? जित्या नवऱ्याचं नाव कुठली बाई घेती? तितंच वळीकलं की आमी दोघींनी." मग म्हणाली, "ती मणेराची पोरगी तर तुलाच बोलवा म्हणून रडत हुती."

मिरजेच्या दोघी परवाच गगनबावड्याला गेल्या.

जुलेखानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, ताठ उभी राहून, हजेरीला सांगायचे तसं.